१२ मीटरचा काईट विकायला काढला होता, दोष निघाला लाइनींचा (नवीन लाइन सेट, २० सेशननंतर)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू काईटसर्फिंगच्या काईटचा नाही आणि तो ज्या दांड्याने चालवतात त्या बारचाही नाही, फक्त दोघांना जोडणाऱ्या चार दोऱ्यांचा आहे. २२ मीटरच्या चार दोऱ्या, दोन फ्रंट (काईटच्या पुढच्या कडेला जाणाऱ्या), दोन बॅक (मागच्या टोकांना जाणाऱ्या), बास. पण याच चार दोऱ्यांपायी मी माझा चांगला १२ मीटरचा (म्हणजे १२ चौरस मीटर क्षेत्रफळाचा) काईट अर्ध्या किमतीत विकायला निघालो होतो, ग्रुपवर फोटो टाकून झाले होते, एक जण बघायला पण येणार होता. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आपल्याकडे बहुतेक जण सेकंडहँड बारवर शिकतात आणि त्या बारच्या लाइनी किती जुन्या आहेत हे कोणी विचारतच नाही. मीही विचारलं नव्हतं.

मी मूळचा येवल्याचा. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही, हलकडी वाजत असते, आणि पोराच्या हातात पहिली आसारी (मांजाची फिरकी) येते तेव्हाच त्याला कन्नी बांधायला शिकवलेलं असतं. कन्नीचा वरचा दोरा आणि खालचा दोरा यात बोटभर फरक पडला की पतंग एकतर उठतच नाही नाहीतर गोल गोल फिरत खाली येतो, आणि पतंग एका बाजूला झुकायला लागला की दुसऱ्या टोकाला चिंधी बांधायची, हे आम्हाला चौथी-पाचवीत माहीत होतं. तरी काईटसर्फिंगला आल्यावर ही गोष्ट माझ्या डोक्यात यायला दोन सीझन लागले. काईट एवढा मोठा, हवा भरलेला, बारवर पट्ट्या, पुली, सेफ्टी, एवढं सगळं समोर असल्यावर दोरीकडे लक्षच जात नाही.

तर काय व्हायचं ते सांगतो. गोव्यात मोरजी-अश्वेच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते एप्रिल दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, १२ ते १५ नॉट्स, चांगला दिवस असला तर थोडा जास्त. म्हणजे हलकाच वारा, तिथे १२ मीटरचा काईट लागतोच. माझा काईट वर जायचा, पण जरा बार आत ओढला की मागे बसायचा. मागे म्हणजे विंड विंडोच्या (वाऱ्यात काईट जेवढ्या भागात उडू शकतो त्याच्या) कडेला पुढे जायचं सोडून आतल्या बाजूला लोंबकळल्यासारखा, आणि वारा किंचित पडला की तसाच उलटा मागे मागे घसरत पाण्यात. याला बॅकस्टॉल म्हणतात. वळायला सांगितलं तर आधी विचार करायचा आणि मग वळायचा. अपविंड, म्हणजे वारा येतो त्या दिशेला वर जाणं, तर विसराच, प्रत्येक सेशनला बोर्ड काखेत मारून अर्धा किलोमीटर वाळूतून परत चालत यायचं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बार सरळ धरला तरी काईट डावीकडे ओढायचा, म्हणून उजवा हात कायम थोडा आत धरून चालवायचं, तासाभरात कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून यायचा.

मला वाटलं काईटच म्हातारा झाला. कापड ताणलं गेलं असेल, नाहीतर लीडिंग एजचा (पुढच्या फुगवलेल्या कडेचा) ब्लॅडर हळूहळू लीक होत असेल म्हणून नळी मऊ पडत असेल. मग साबणाचं पाणी लावून ब्लॅडर तपासला, व्हॉल्व्ह बदलून घेतला, नवीन पंप आणला, फरक शून्य. उलट खर्च झाल्यावर जास्त राग आला आणि त्याच रागात काईट विकायला टाकला.

खरा दोष सापडला रामेश्वरमला. जानेवारीत तिथे ईशान्येकडून वारा असतो, गुडघाभर सपाट पाणी, गोव्यापेक्षा कितीतरी भरवशाचा वारा. तिथे चेन्नईचा एक जण होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल पण पाण्यात माझ्यापेक्षा फार पुढे. त्याने माझा काईट पाच मिनिटं नुसता बघितला आणि विचारलं, लाइनी कधी मोजल्यास? मी म्हटलं कधीच नाही. त्याने काईटच्या बाजूची चारही टोकं काढली, एका दोरीच्या फासात घालून ताडाच्या बुंध्याला अडकवली, ट्रिमचा पट्टा (फ्रंट लाइनी आखूड-लांब करायचा) पूर्ण सैल सोडला, मला बार धरून मागे जायला सांगितलं आणि म्हणाला बार पार आत घे, मग चारही लाइनी ताण आणि बघ. माझ्या बारला अशा वेळी चारही लाइनी सारख्या ताणात यायला हव्यात, बहुतेक बारचं तसंच असतं पण तुमच्या बारचं मॅन्युअल एकदा बघा. माझ्याकडे दोन्ही बॅक कडक ताणलेल्या आणि दोन्ही फ्रंट झोळीसारख्या लोंबत होत्या. मोजलं तर फ्रंट बॅकपेक्षा ५ सेंटिमीटर लांब. आणि दोन बॅकमध्ये डावी उजवीपेक्षा २ सेंटिमीटर आखूड. तिथल्या तिथे सगळं कळलं, डावी आखूड म्हणजे काईटला कायम डावीकडे वळ असंच सांगितलं जात होतं, आणि दोन्ही बॅक आखूड म्हणजे मी बार सोडला तरी काईटच्या दृष्टीने अर्धा ओढलेलाच.

हे असं का होतं ते थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. या लाइनी डायनिमाच्या किंवा स्पेक्ट्राच्या असतात, दोन्ही मुळात एकच वस्तू, पॉलिथिलीन, पण त्याचे रेणू भयंकर लांब आणि सगळे धाग्याच्या दिशेने ओढून सरळ केलेले. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पोलादी तारेपेक्षा कितीतरी मजबूत, पाण्यावर तरंगतात, धागा स्वतः पाणी पीत नाही आणि गुळगुळीत इतका की एकमेकांवरून सहज सरकतो. पण दोन खोडी आहेत. एक म्हणजे लाइन विणलेली असते, वेणीसारखी, आणि नवीन असताना ताण आला की ती वीण घट्ट बसते, तेवढी लाइन लांब होते. दुसरी म्हणजे खूप वेळ ताण राहिला तर धागाच थोडा थोडा कायमचा लांबतो. आता तुमच्या वजनाचा बराचसा भार हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) हुकातून फ्रंट लाइनींवर जातो, बॅकवर फक्त वळवायला आणि पॉवरला लागेल तेवढाच. म्हणून फ्रंट लांबत जातात. बॅकचं उलटं होतं, त्यांना जोराचा ताण मिळतच नाही, विणीत बारीक वाळू आणि मीठ जाऊन बसतं, वीण फुगते, आणि जाड झालेली वेणी लांबीला कमी होते. एक जोडी लांबतेय, दुसरी आखडतेय, आणि हे इतकं सावकाश होतं की चालवणाऱ्याला कळत नाही, हात नकळत जुळवून घेतो.

ओळखायची एक खूण सांगतो, मला ती आधी माहीत असती तर पंपाचे पैसे वाचले असते. हलक्या वाऱ्यात सुद्धा तुम्हाला ट्रिमचा पट्टा थोडा ओढूनच काईट नीट उडत असेल, सोडला की मागे बसत असेल, तर फ्रंट लांबल्यात. कारण ट्रिम ओढणं म्हणजे फ्रंट आखूड करणं, तुम्ही नकळत दोष झाकताय. आणि मग खरोखर वारा वाढला की ओढायला पट्टाच शिल्लक राहत नाही, ते धोक्याचं आहे. उलटी केस पण असते, बॅक लांब झालेल्या. त्यात बार ओढला तरी काहीच जाणवत नाही, पॉवर नाही, वळणं ढिसाळ, काईट डोक्यावरून पुढे निघून जातो आणि ढील पडते, आणि पाण्यात पडल्यावर रिलाँच (पुन्हा हवेत उठणं) होता होत नाही कारण बॅक ओढली तरी ताण काईटच्या टोकापर्यंत पोचतच नाही. मी शिकत होतो तेव्हा स्कूलच्या एका बारवर असं व्हायचं आणि मला वाटायचं माझंच तंत्र चुकतंय.

आता नवीन सेटबद्दल. पूर्ण नवीन बार घ्यायचा तर खर्च फार, आणि माझ्या बारचं बाकी सगळं चांगलं होतं, म्हणून फक्त चार लाइनींचा तयार सेट घेतला. इथे मिळाला नाही, भाचा जर्मनीत असतो त्याने येताना आणला, साधारण सव्वाशे युरो पडले. कोणाचा ते मुद्दाम लिहीत नाही कारण तुमच्या बारला बसणारा सेट वेगळा असू शकतो, काही बारला सगळ्या लाइनी सारख्या लांबीच्या लागतात, काहींना नाही, काही काईटना फ्रंटच्या टोकाला गाठ लागते तर काहींना फास. हे न बघता मागवलं तर चांगल्यातला चांगला सेट पण फुकट. मी भाच्याला आधी जुन्या चारही टोकांचे फोटो आणि मापं पाठवली होती, तेवढं तुम्हीही करा.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट आवडली ती टोकं. फास शिवलेले आहेत, त्यावर जाड बाही चढवलेली, कुठेही उघड्या लाइनला गाठ मारलेली नाही. हे महत्त्वाचं का, तर या धाग्यात गाठ मारली की त्या जागी ताकद निम्म्यावर येऊ शकते. किनाऱ्यावर लोक तुटलेली लाइन गाठ मारून जोडतात आणि म्हणतात चालतंय की. चालतं, जोवर जोराचा झोत येत नाही तोवर. फ्रंट बॅकपेक्षा किंचित जाड आहेत, तेही बरोबर. डावी बॅक लाल, उजवी निळी, फ्रंट दोन्ही करड्या. इथे माझी एक तक्रार आहे, दोन्ही फ्रंट एकाच करड्या रंगाच्या असल्यामुळे संध्याकाळी उशिरा लाइनी मांडताना पुन्हा बारपासून टोकापर्यंत बोटांतून सोडत चालावं लागतं. तसं ते प्रत्येक वेळी करायचंच असतं, पण एका फ्रंटला नुसता रंगीत ठिपका दिला असता तर काय बिघडलं असतं.

बसवल्यावर पाण्यात जायच्या आधीच चारही लाइनी खांबाला अडकवून अंगाचा भार टाकून एकेक मिनिट ताणून घेतल्या. पॅकेटवर प्री-स्ट्रेच्ड (आधीच ताणलेल्या) लिहिलेलं होतं तरी केलं. मग मोजल्या, चारही सारख्या.

पहिलं सेशन अश्वेला, वारा १३ नॉट्सच्या आसपास, म्हणजे जुन्या लाइनींवर जो वारा मला पुरायचाच नाही तो. काईट वर गेला आणि डोक्यावर जाऊन थांबला. नुसता थांबला! बार सरळ, दोन्ही हात सारखे, कुठेही ओढ नाही. मी एक हात सोडून बघितला, तरी तिथेच. मग बार आत घेतला तर पॉवर आली आणि काईट पुढे विंडोच्या कडेला धावला, मागे बसला नाही. खरं सांगतो, दोन वर्षं ज्या काईटला नावं ठेवत होतो तोच हा, हे पटेना. वळणातला फरक तर लगेच कळतो, बोटभर हलवलं की काईटने ऐकलं, मधे तो विचार करायचा वेळ नाही. जुन्या लाइनी ताणाखाली रबरासारख्या थोड्या लांबून मग काईटला निरोप पोचवायच्या, या थेट पोचवतात. आणि त्या दिवशी मी निघालो त्या जागेच्याही अपविंड येऊन उतरलो, त्या किनाऱ्यावर पहिल्यांदा. बोर्ड काखेत मारून चालायची वेळ आली नाही.

अजून एक फरक जो मला अपेक्षित नव्हता. काईट लूप केला (हवेत पूर्ण गोल फिरवला) किंवा वळणं एकाच बाजूला झाली की लाइनींना पीळ बसतो. लाइन गुळगुळीत असेल तर दोन-तीन पिळांनंतरही काईट आरामात वळतो. माझ्या जुन्या लाइनींवर वाळूने घासून घासून केसाळ लव आली होती, त्यात एक पीळ पडला तरी स्टिअरिंग जड व्हायचं, आणि मी घाबरून लगेच उलटा फिरवून पीळ काढायचो. नवीनवर तीन पीळ ठेवून मुद्दाम चालवून बघितलं, जरा जड, पण वळतोय. ही लव हवेतही अडथळा करते. चार लाइनी गुणिले २२ मीटर म्हणजे ८८ मीटर दोरी वाऱ्यातून कापत चाललेली असते, ती जाड आणि खरखरीत असली की काईटचा वेग खातेच, आणि हलक्या वाऱ्यात तर तेवढाच वेग आपल्याकडे असतो.

आता जे आवडलं नाही ते. पाच सेशननंतर पुन्हा मोजल्या तर फ्रंट दीड सेंटिमीटर लांब झालेल्या. प्री-स्ट्रेच्ड म्हणून विकतात आणि तरी दीड सेंटिमीटर, मला हे पटलं नाही. बारच्या फ्लोटजवळ बॅक लाइनी जिथे अडकतात तिथल्या लीडरला (बारच्या टोकाच्या जाड जोडदोरीला) तीन गाठी आहेत, बॅक बाहेरच्या गाठीवर घेतल्या, हिशोब पुन्हा जमला. त्यानंतर १५ सेशनमध्ये अजून जेमतेम अर्धा सेंटिमीटर, म्हणजे वीण आता बसली. पण ज्याला हे मोजायचं माहीत नाही तो सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येणार, आणि सोबतच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. दुसरं म्हणजे वरचं कोटिंग सुरुवातीला कडक असतं, लाइनी गुंडाळल्यावर उलगडताना वेटोळी राहतात, पहिली तीन-चार सेशन मांडायला जास्त वेळ लागला. आणि बॅक बारीक आहेत, भरलेल्या काईटची लाइन कधीही हातात धरू नका किंवा बोटाला गुंडाळू नका. हे सगळ्याच लाइनींना लागू आहे पण बारीक लाइन जास्त वाईट कापते. दुसऱ्याच्या लाइनीत आपली अडकली तर तिथूनही लगेच सुटा, हा धागा साधारण १५० अंशांच्या आसपास वितळतो, एक ताणलेली लाइन दुसरीवर एकाच जागी घासत राहिली की त्या घर्षणानेच कापली जाते. येवल्यात पेच लागतात तसाच हा पेच, फक्त काचेची गरज नाही आणि दोरीच्या टोकाला माणूस असतो.

सेफ्टीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायची आहे कारण ती हँडलिंगपेक्षा मोठी आहे. आजकालच्या बहुतेक बारमध्ये चिकन लूप (हार्नेसच्या हुकात अडकवायचा फास) सोडला की सगळा काईट एकाच फ्रंट लाइनवर लटकतो आणि वारा सांडून देतो. म्हणजे ती एक फ्रंट लाइन हीच तुमची सेफ्टी. माझ्या जुन्या सेटमध्ये नेमक्या त्याच लाइनवर बारपासून हातभर अंतरावर एक जागा निघाली, चार-पाच धागे तुटून वर आलेले, बोट फिरवल्यावर खरखर लागायची. मी दोन वर्षं त्यावर चालवत होतो. ती तुटली असती तर सोडूनही उपयोग झाला नसता. त्यामुळे आता महिन्यातून एकदा उन्हात बसून चारही लाइनी पूर्ण लांबीभर बोटांतून सोडतो, नखाला कुठे अडकतंय का बघतो. अर्धा तास जातो. त्याच वेळी ट्रिमची दोरी आणि चिकन लूपपासून बारमधून वर जाणारी मधली दोरी पण बघतो, ती वाळूने सगळ्यात आधी खाल्ली जाते.

नवीन सेट घ्यायच्या आधी काय करून बघता येईल असं दोघा-तिघांनी विचारलंय. लाइनींवर लव नसेल, कुठे कापलेली नसेल आणि नुसता लांबीचा घोळ असेल तर लगेच पैसे घालू नका. आधी कोमट गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, दोन-तीनदा पाणी बदला, तळाशी किती वाळू बसते बघाल तर थक्क व्हाल. मग आखडलेल्या बॅक एकेक करून खांबाला अडकवून हार्नेसने भार टाकून ताणा, झटके नाहीत, सावकाश, आणि लाइनच्या रेषेत दुसऱ्या कोणाला उभं करू नका, सुटली तर चाबकासारखी येते. माझ्या जुन्या डाव्या बॅकमध्ये यानेच दीड सेंटिमीटर परत मिळाला होता. उरलेला फरक गाठीवर जुळवा. चारही लाइनी एकाच जाडीच्या आणि लांबीच्या असतील तर फ्रंटच्या जागी बॅक आणि बॅकच्या जागी फ्रंट लावूनही बराच हिशोब जुळतो, पण जाडी वेगळी असेल तर हे अजिबात करू नका. माझ्या केसमध्ये ती खरखरीत जागा सापडली म्हणून विषयच संपला, नाहीतर जुन्यावर अजून एक सीझन काढला असता.

मार्क द्यायचे तर ५ पैकी ४. एक मार्क त्या दीड सेंटिमीटरचा आणि फ्रंटच्या रंगाचा. सव्वाशे युरो चार दोऱ्यांना जास्त वाटतात, मलाही वाटले होते, पण मी नवीन १२ मीटर काईट घ्यायला निघालो होतो, त्याच्यापुढे ही रक्कम काहीच नाही. आणि नवीन काईट घेऊन तो त्याच जुन्या लाइनींवर उडवला असता तर तोही मागेच बसला असता! विकायची पोस्ट मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली, बघायला येणाऱ्याला फोन करून माफी मागितली, त्याने उलट स्वतःच्या लाइनी कशा मोजायच्या ते विचारून घेतलं.

जुन्या लाइनी टाकल्या नाहीत. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे जाळ्यांचे आणि दोऱ्यांचे तुकडे आधीच पुष्कळ पडलेले असतात, आणि हा धागा कुजत नाही. चारही गुंडाळून पुण्याला आणल्या, खराब भाग कापून वेगळा केला, चांगल्या भागाचे हात-हातभर तुकडे करून बोर्डाची पिशवी बांधायला आणि पंप अडकवायला वापरतोय. एक लांब तुकडा येवल्याला भावाच्या पोराने मागितला होता पतंगाला, तो दिला नाही, त्याला साधा सुती दोरा आणून दिला.